भिशीची चिठ्ठी परत डब्यात टाकतात का?

धाकटीचा रिपोर्ट व्हॉट्सॲपवर आला तेव्हा मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये उपमा खात होते. एक पीडीएफ आणि खाली मेसेज, "ताई हे ए टू ५.४ म्हणजे काय गं, मॅडम म्हणाल्या ह्यांचीपण टेस्ट करा, लगेच करा." ती तेव्हा आठ आठवड्यांची गरोदर. मी कधीकाळी मायक्रोबायोलॉजी घेऊन बीएस्सी केलंय, त्यानंतर आयुष्य इन्शुरन्सचे क्लेम बघण्यात गेलं, पण घरच्यांच्या लेखी मी अजून "सायन्सवाली", त्यामुळे असले सगळे रिपोर्ट माझ्याकडेच येतात. रक्तातले हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे मोजणारी एचपीएलसी नावाची ती टेस्ट मी शेवटची कॉलेजात वाचली होती. उपमा तसाच राहिला.

थोडक्यात सांगते. मोठ्या माणसाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन बहुतेक ए प्रकारचं असतं, म्हणजे दोन अल्फा साखळ्या आणि दोन बीटा साखळ्या. थोडंसं ए टू नावाचं असतं, ते साधारण साडेतीन टक्क्यांच्या आत. बीटा साखळीचं जनुक आपल्याकडे दोन प्रतींमध्ये असतं, एक आईकडून एक वडिलांकडून, आणि त्यातली एक प्रत बिघडलेली असली की ए टू थोडं वर जातं. ह्यालाच थॅलेसेमिया मायनर म्हणतात. मायनर हा शब्द ज्याने शोधला त्याला एकदा आमच्या विहीणबाईंसमोर बसवायला पाहिजे, कारण त्यांनी ऐकल्या ऐकल्या पहिलं काय विचारलं तर "आज मायनर आहे, मंग उद्या मेजर होईन का?" नाही होत. मायनर माणूस जन्मभर मायनरच राहतो, त्याला बहुतेक वेळा काही त्रास नसतो, जरा हिमोग्लोबिन कमी दिसतं इतकंच. तो आजारी नाही, तो वाहक आहे. मेजर, म्हणजे खरा आजार, व्हायला दोन्ही प्रती बिघडलेल्या लागतात आणि ते जन्मालाच ठरतं, नंतर बढती मिळत नाही.

हे हिमोग्लोबिन कमी दिसण्याचं प्रकरण मात्र आमच्या घरात तीस वर्षं चाललंय. आई कायम "रक्त कमी". लोहाच्या गोळ्या, खजूर, गूळ-शेंगदाणे, बीट, लोखंडी कढईतली भाजी, सगळं झालं, हिमोग्लोबिन साडेदहाच्या वर हलायला तयार नाही. त्या दिवशी रात्री मी आईची जुनी फाईल काढायला लावली आणि व्हिडिओ कॉलवर बघत बसले. लाल पेशींची संख्या ५.५, म्हणजे पंचावन्न लाख, चांगली भरपूर. पण पेशीचा आकार, एमसीव्ही, फक्त ६३. लोह कमी असतं तेव्हा पेशी लहान होतात आणि त्यांची संख्याही सहसा घसरते, थॅलेसेमियाच्या वाहकात पेशी लहान पण संख्येने भरपूर. एक साधा भागाकार आहे, एमसीव्ही भागिले पेशींची संख्या, उत्तर तेराच्या खाली आलं तर थॅलेसेमियाचा संशय घ्यायचा. ह्यावरून निदान होत नाही, पुढची टेस्ट करायला हवी एवढंच कळतं. आईचं उत्तर साडेअकराच्या आत. तीस वर्षांत कितीतरी डॉक्टरांनी तो कागद बघितला असेल, आणि प्रत्येकाने गोळ्याच लिहून दिल्या. राग कोणावर काढायचा हेही कळत नाही, कारण आपल्याकडे दर दुसऱ्या बाईचं लोह खरंच कमी असतं, त्यामुळे तोच अंदाज पहिला येतो.

तर आई वाहक, तिच्याकडून धाकटी वाहक. मग मी पण जाऊन टेस्ट करून आले, भावाने पण केली. भाऊ वाहक निघाला, मी नाही. प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता, बास, त्यात कोण शहाणं कोण आजीवर गेलंय ह्याचा काही संबंध नाही. तरी मला माझा रिपोर्ट बघून आनंद व्हायच्या ऐवजी चोरी केल्यासारखं वाटलं.

धाकटीच्या नवऱ्याचा रिपोर्ट तीन दिवसांनी आला. आम्ही सगळे ए टू बघत होतो, ए टू ठीकच होतं. पण खाली अजून एक आकडा होता, एस, ३६ टक्के. जावई सिकलसेलचा, म्हणजे रक्ताच्याच दुसऱ्या एका अनुवंशिक आजाराचा, वाहक. एएस, म्हणजे एक प्रत ए ची आणि एक एस ची.

मूळचे चंद्रपूर जिल्ह्यातले लोक ते. तिकडे सिकलसेल हा शब्द कोणाला नवा नाही. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, इकडे मेळघाट, तिकडे नंदुरबार, ह्या पट्ट्यात शाळाशाळांत तपासणीची शिबिरं होतात, आणि आता तर १ जुलै २०२३ ला शहडोलला केंद्राचं सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झालंय, ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत आजार संपवायचा असं त्यात ठरलंय. मग जावयाची टेस्ट कधीच झाली नव्हती का? झाली होती. नववीत असताना शाळेत झाली होती, कार्ड पण मिळालं होतं, ते गावच्या घरी ट्रंकेत कुठेतरी आहे. त्याला गुरुजींनी सांगितलं होतं, "तू वाहक आहे, तुला काही होत नाही," आणि पोराने वाक्याचा दुसरा भाग लक्षात ठेवला. लपवलं वगैरे नाही त्याने, खरंच विसरला. आणि घरच्यांनी आठवण करून दिली नाही कारण लग्नाच्या वयात कोण कशाला असली आठवण काढेल.

आता आमच्या घरातल्यांचं मत असं की हिचा आजार वेगळा त्याचा आजार वेगळा, मग घाबरायचं काय. हे ऐकायला इतकं बरोबर वाटतं ना. पण दोन्ही बिघाड एकाच जनुकात आहेत, अकराव्या गुणसूत्रावरच्या बीटा ग्लोबिनच्या जनुकात. सिकलमध्ये त्या जनुकातलं एक अक्षर बदललेलं असतं, ए च्या जागी टी, त्यामुळे बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन येतं, आणि तेवढ्यावरून प्राणवायू कमी पडला की हिमोग्लोबिनचे दांडके जमतात आणि गोल पेशी विळ्यासारखी वाकडी होते. सिकल म्हणजेच विळा. त्या वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, तिथे रक्त पोचत नाही, आणि मग ते हाडं फोडणारं दुखणं. थॅलेसेमियात साखळी बनतच नाही किंवा फार कमी बनते. आता बाळाला वडिलांकडून सिकलवाली प्रत आणि आईकडून थॅलेसेमियावाली प्रत मिळाली तर त्याच्याकडे चांगली प्रत एकही उरली नाही. ह्याला सिकल-बीटा थॅलेसेमिया म्हणतात, आणि आईकडच्या बिघाडात थोडी बीटा साखळी बनते की अजिबातच नाही ह्यावर अवलंबून ते मूल सौम्य आजारी किंवा थेट एसएस, म्हणजे दोन्ही प्रती सिकलच्या असलेल्या, रुग्णाइतकं आजारी असू शकतं.

काउन्सेलर बाईंकडे आम्ही पाचजण गेलो होतो. एवढ्या लोकांना खुर्च्या नव्हत्या. त्यांनी एक कोरा कागद घेतला आणि म्हणाल्या, मला तीन पिढ्या सांगा. पुरुष असला की चौकोन, बाई असली की गोल, आजारी असेल तर पूर्ण काळा, वाहक असेल तर अर्धा, गेलेला असेल तर वरून एक तिरकी रेघ. आम्ही सुरुवातीला तेच म्हटलं जे सगळे म्हणतात, आमच्याकडे कोणालाच काही नाही. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त विचारलं, लहानपणी कोणी गेलं का? मग आजीला फोन लावला. आजी ८४ वर्षांची, तिला सकाळची गोळी आठवत नाही पण हे सगळं आठवलं. तिच्या बहिणीचं एक मूल "पांढरंफटक पडून" दीड वर्षाचं गेलं. नंतर त्याच बहिणीचं अजून एक. घरात त्याला "बाहेरचं काहीतरी" म्हणायचे. आणि इकडे विहीणबाई बराच वेळ गप्प बसून मग म्हणाल्या, ह्यांच्या मोठ्या भावाचं पोरगं होतं, हातपाय दुखतात म्हणून रात्र रात्र रडायचं, वात म्हणत होते, बाराव्या वर्षी गेलं. कागदावर तीन तिरक्या रेघा पडल्या. "कोणालाच काही नाही" म्हणून सुरुवात करून अर्ध्या तासात तीन मुलं. ह्या मुलांना घरात कोणी मोजतच नव्हतं.

अनुवंशिक म्हटलं की आपल्या डोक्यात एकच चित्र असतं, आजोबांना होतं, बाबांना आहे, मला होणार. ते चित्र खरं आहे पण एका प्रकाराचं. एकच बिघडलेली प्रत आजार द्यायला पुरते तेव्हा तसं होतं, शाळेच्या पुस्तकात ज्याला प्रभावी म्हणतात ते. हंटिंग्टनचा मेंदूचा आजार तसा, आईबापांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता, आणि लक्षणं दिसतात बहुतेक तिशी-चाळिशीनंतर, तोवर माणसाला स्वतःची मुलं झालेली असतात. अप्रभावी प्रकारात, म्हणजे आजाराला दोन्ही प्रती बिघडलेल्या लागतात तेव्हा, मात्र आजार पिढ्यानपिढ्या दिसत नाही, वाहक वाहकाला जन्म देत राहतो, सगळे धडधाकट, आणि मग एक दिवस दोन वाहक एकमेकांना भेटतात, तेही बहुतेक मांडवात. म्हणून "आमच्या घराण्यात नाही" ह्या वाक्याला अशा आजारांत काही अर्थ नाही.

तिसरा एक प्रकार आहे त्याला मी मनातल्या मनात मामा-भाचे पॅटर्न म्हणते. हिमोफिलिया घ्या. जनुक एक्स गुणसूत्रावर. बाईकडे दोन एक्स, एक बिघडला तरी दुसरा बहुतेक सांभाळून घेतो. पुरुषाकडे एकच एक्स, तोही आईकडून आलेला, तो बिघडला की संपलं. त्यामुळे मामाला रक्त थांबत नव्हतं, भाच्याचं थांबत नाही, आणि मधली आई ठणठणीत. राणी व्हिक्टोरियाच्या मुलींमार्फत हाच आजार युरोपातल्या राजघराण्यांत पसरला, रशियाच्या राजपुत्रापर्यंत गेला. बाप आजारी असेल तर मुलग्यांना काही नाही कारण मुलग्याला बाप वाय देतो, पण मुली सगळ्या वाहक. आणि पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाची ३७ जनुकं वेगळी, ती फक्त आईकडून येतात. डाऊन सिंड्रोमबद्दल मात्र लोक हमखास विचारतात की कोणाकडून आलं, तर बहुतेक वेळा कोणाकडूनच नाही, बीज तयार होताना २१ व्या गुणसूत्राची वाटणी चुकते, आणि आईचं वय वाढलं तशी ती शक्यता वाढते. जनुकीय आणि अनुवंशिक हे दोन शब्द आपण एकच समजतो तो हा घोटाळा.

तर धाकटीच्या बाळाला आजार असण्याची शक्यता पंचवीस टक्के. काउन्सेलर बाईंनी चार चौकोन काढून दाखवले, एक बाळ पूर्ण मोकळं, एक आईसारखं वाहक, एक बाबांसारखं वाहक, एक आजारी. विहीणबाईंनी नीट ऐकलं आणि त्यांचा चेहरा उजळला, "चारातून एकच ना, मंग पयलं तर चांगलंच होईन." मी तोंड उघडणार तेवढ्यात बाईंनीच विचारलं, तुम्ही भिशी लावता का? लावतात, बारा बायकांची. भिशीत नाव निघालेली चिठ्ठी काय करता? "बाजूले ठेवतो, मंग तिचं नाव पुन्हा येत नाही." हां, म्हणाल्या, इथे ती चिठ्ठी परत डब्यात टाकतात. दर वेळी डब्यात चारही चिठ्ठ्या. पहिलं आजारी झालं म्हणून पुढची तीन सुटली असं नाही, आणि पहिलं चांगलं झालं म्हणून दुसऱ्याचा नंबर लागला असंही नाही. आजीच्या बहिणीची दोन मुलं अशीच गेली. मी बीएस्सीला प्रोबॅबिलिटीचा पेपर दिलाय पण हे इतकं साधं मला कोणी सांगितलं नव्हतं.

नातेवाइकांची कुजबुज वेगळीच. धाकटीचं लग्न जातीबाहेर आहे. एका आत्याने तर सरळ म्हटलं, म्हणून तर हे असं झालं. आता खरं बघाल तर उलटं आहे, एकाच लहानशा समाजात पिढ्यानपिढ्या लग्नं होत राहिली की एकच बिघडलेली प्रत दोघांकडे असण्याची शक्यता वाढते, सिंधी, लोहाणा, भानुशाली समाजांत थॅलेसेमियाचे वाहक जास्त सापडतात ते त्यामुळेच. आणि आपलं गोत्र? सगोत्र चालत नाही म्हणून आपण किती अभिमानाने सांगतो, पण गोत्र फक्त बापाच्या रेषेने चालतं. आईकडून आलेला निम्मा वाटा त्यात कुठे मोजतात? मामाची मुलगी वेगळ्या गोत्राची, म्हणून आपल्याकडे कित्येक घरांत ती हक्काची, आणि जनुकांच्या हिशेबात आते-मामे भावंडांचा सरासरी आठवा हिस्सा सारखा असतो. पण मी आत्याशी भांडताना प्रामाणिक राहायचं ठरवलं तर हेही कबूल करायला पाहिजे की जातीबाहेर लग्न केलं म्हणून सुटका होते असंही नाही, आमच्यासमोरच उदाहरण बसलंय. कारण हे दोन्ही बिघाड वाढले ते मलेरियाच्या प्रदेशात. वाहकाला मलेरियाचा जीवघेणा तडाखा कमी बसतो, त्यामुळे वाहक जगले वाचले, त्यांना मुलं झाली. थॅलेसेमियाबद्दल हा अंदाज जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन ह्यांनी १९४० च्या दशकात मांडला, तेच हाल्डेन जे पुढे भारतात येऊन राहिले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. सिकलसाठी अँथनी ॲलिसन ह्यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतून पुरावा दिला. डास काही जात विचारून चावत नाही, हे मी आत्याला सांगितलं. तिला आवडलं नाही.

पुढचं लवकर सांगते कारण ते दिवस परत आठवायचे नाहीयेत. आधी दोघांच्या रक्तातून डीएनए टेस्ट, कोणाचा बिघाड नेमका कुठला ते कळायला. मग बाराव्या आठवड्यात सीव्हीएस, म्हणजे सोनोग्राफीत बघत बघत पोटातून सुई घालून वारेचा बारीक तुकडा काढतात. त्याआधी फॉर्मवर सह्या, त्यातली एक अशी की आम्हाला लिंग सांगितलं जाणार नाही आणि आम्ही विचारणार नाही. गर्भलिंग निदानाविरुद्धचा हा कायदा १९९४ चा, आणि महाराष्ट्राने तर स्वतःचा कायदा १९८८ मध्येच केला होता. मला तिथे बसून विचित्र वाटलं, ह्याच सुईने आपल्या लोकांनी केवढा गोंधळ घातला म्हणून ह्या सगळ्या सह्या. रिपोर्टला दहा दिवस लागले. त्या दहा दिवसांत धाकटी आणि जावई काय बोलले, काय ठरवलं होतं, रिपोर्ट वाईट आला असता तर काय केलं असतं, मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. आई रोज फोन करून फक्त जेवलीस का विचारायची.

बाळ वडिलांसारखं वाहक. एएस. आता ती आठ महिन्यांची आहे आणि भयंकर जाड आहे.

आईच्या लोहाच्या गोळ्या डॉक्टरांनी फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा, बघून बंद केल्या. तिला अजून पटलेलं नाही, बीट चालूच आहे.

आणि आता आमच्या मामेभावाचं लग्न जमवणं सुरू आहे. त्याच्या बायोडेटात रास, गण, नाडी, चरण, सगळं आहे, आणि रक्तगट. रक्तगट का लिहितात हे मला कोणीतरी सांगावं. नवरा-बायकोचा गट एकच असला तर मुलांना काहीतरी होतं अशी एक समजूत आहे, एकनाडीसारखीच, तिला काही आधार नाही. बायको निगेटिव्ह आणि नवरा पॉझिटिव्ह असेल तर डॉक्टरला सांगावं लागतं, त्याला इंजेक्शन असतं, तेवढाच भाग खरा. आणि रक्तगटावर एवढा विश्वास ठेवणाऱ्या मुंबईच्या लोकांना माहीत असतं की नाही कोण जाणे, पण १९५२ मध्ये मुंबईच्याच केईएममध्ये डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असा एक गट सापडला की तो साध्या टेस्टमध्ये ओ दिसतो पण ओ नसतो. बॉम्बे ब्लड ग्रुप. ए किंवा बी चा शिक्का ज्यावर बसतो तो एच नावाचा पायाच ह्या लोकांच्या पेशींवर नसतो, कारण त्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या. त्यांना ओ चं रक्तसुद्धा चालत नाही. आणि मजा अशी की बी चं जनुक आत असूनही बाहेरून ओ दिसतं, मग आई ओ, बाबा ओ, आणि मूल बी. ह्यावरून किती घरांत किती बायकांनी काय काय ऐकून घेतलं असेल.

तर मामेभावाने मला विचारलं, ताई एचपीएलसी कुठे लिहू? कारण सगळं बघून त्याने पण टेस्ट करून घेतली, तोही वाहक आहे, आईच्याच बाजूचा ना. मी म्हटलं, रक्तगटाच्या खाली लिही, एका ओळीत, थॅलेसेमिया मायनर, आणि मुलीची टेस्ट झाली असेल तर कळवा म्हणून लिही. त्याने लिहिलं. परवा मामीने ग्रुपवर फायनल पीडीएफ टाकली. फोटो नवीन आहे, पगार थोडा वाढवलाय, आणि ती ओळ नाही.